बेबीला आणायला गेलेले दादा

बेबीने नोकरी धरली हे कळलं तेव्हा घरात कुणाला फारसं काही वाटलं नाही. कुठे धरली हे कळलं, तेव्हा मात्र दादांच्या घशात चहा अडकला.

बेबी म्हणजे दादांची धाकटी बहीण. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, केस पांढरे झालेली बाई. पण शेंडेफळ असल्यामुळे घरात अजून बेबीच. तिचा नवरा गेला तेव्हा दादांनी तिला आपल्या घरी आणून ठेवलं होतं. वर्ष-दीड वर्ष ती राहिली, आणि मग ‘जरा मैत्रिणीकडे जाऊन येते’ म्हणून मोठ्या शहरात गेली ती गेलीच. आता तिचा फोन आला होता. तिथल्या एका क्लबच्या दारावर तिला काम मिळालं होतं. तरुण मंडळी संध्याकाळपासून जिथे नाचतात असला क्लब. त्यात आत कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही, हे बेबी ठरवणार होती.

“दारावर म्हणजे नक्की कुठे?” दादांनी वहिनींना विचारलं. वहिनी म्हणजे दादांची बायको. बेबी त्यांना वहिनी म्हणायची म्हणून सगळी आळीच म्हणायची.

“दारावर म्हणजे दारावर. दाराला आणखी काय असतं?”

“आपल्या घरातली बाई असल्या ठिकाणी उभी राहणार?”

“स्टूल दिलंय म्हणे बसायला,” वहिनी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

दादांनी मुलाकडून त्या भागाची माहिती काढली. मुलाने फोनवर फोटो दाखवले. जुन्या गोदामांची खाद्यगृहं झालेली, फुटपाथवर खुर्च्या, मधोमध मोठी बाग, बागेत तळं, आणि दिवे लागले की सगळीकडे गाणीबजावणी. “बाबा, लोक मुद्दाम सुट्टी काढून जातात तिथे,” मुलगा म्हणाला. दादांना हे ऐकून जास्तच काळजी वाटली. त्यांनी ठरवलं, आपण स्वतः जायचं आणि बेबीला घेऊनच परत यायचं.

निघण्याआधी त्यांनी तिला काय सांगायचं याची आरशासमोर नीट तालीम केली. घराण्याची अब्रू, तिचं वय आणि रात्रीची थंडी असे मुद्दे होते. तिला न कळवता जायचं, आधी गुपचूप पाहणी करायची आणि मग बोलायचं, असा बेत होता. दादांनी जन्मभर सरकारी नोकरीत जमिनी मोजल्या होत्या. आधी पाहणी आणि मग अहवाल हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. तिथल्या गर्दीत मिसळून जाता यावं म्हणून त्यांनी मुलाचा मोठमोठ्या हिरव्या पानांचा शर्ट घातला आणि पांढरे कॅनव्हासचे बूट विकत घेतले. वहिनींनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि एवढंच म्हणाल्या, “पडद्याचं कापड चांगलं आहे.”

पुढची हकिकत दादा स्वतःच सांगतात, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतात.

दुपारी ते त्या भागात उतरले आणि पहिल्या वळणावरच हरवले. ज्या माणसाने तीन जिल्ह्यांच्या हद्दी आखल्या तो एका बागेला प्रदक्षिणा घालत बसला. सगळ्या गल्ल्या एकसारख्या दिसत होत्या. कुणाला विचारायचं, तर आपण नवखे आहोत हे उघड होईल. म्हणून आपण मुद्दामच फिरतोय असा चेहरा करून ते चालत राहिले. बागेत गवतावर चटया टाकून बरीच माणसं डोळे मिटून उताणी पडली होती. दमलेले दादाही एका रिकाम्या चटईवर टेकले, मग आडवे झाले. थोड्या वेळाने एका मुलीचा आवाज आला, “आता उजवा पाय हळूच आकाशाकडे.” आजूबाजूचे सगळे पाय वर गेले. उठून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून दादांनीही पाय वर केला. तो वर गेला खरा, पण खाली येताना कंबरेत अशी काही उसण भरली की शिकवणारी मुलगी धावत आली.

“काका, पहिल्यांदाच का?”

“नाही, नाही,” दादा म्हणाले. “फक्त या पायाने पहिल्यांदा.”

कंबर धरून ते बागेबाहेर पडले तेव्हा घशाला कोरड पडली होती. समोरच्या खाद्यगृहात शिरले. तिथे बसायला इतकी उंच स्टुलं होती की दादांना चढण्यासाठी आधी टेबल, मग भिंत आणि शेवटी वाढणाऱ्या मुलीचा खांदा धरावा लागला. भिंतीलगतच्या बाकांवर उशा होत्या. त्यांचं कापड आणि दादांचा शर्ट हुबेहूब एकाच नमुन्याचे. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एकदा उशीकडे आणि एकदा दादांकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून खांदे हलवत राहिल्या.

कार्डावर पदार्थांची नावं अशी, की खायचं काय आणि प्यायचं काय याचा पत्ता लागेना. एका जागी लिहिलं होतं, ‘बागेतली दुपार’. काकडी, पुदिना, आलं, लिंबू. दादांनी ओळखलं, हे सरबत.

“हे द्या,” ते म्हणाले.

“काका, हे थोडं स्ट्राँग आहे हं,” मुलीने सांगितलं.

आल्याबद्दल बोलतेय, असं दादांना वाटलं. “मला स्ट्राँगच लागतं,” ते ऐटीत म्हणाले. घरी चहाबद्दलही ते हेच म्हणायचे.

सरबत थंडगार होतं आणि छान होतं. दादांनी दुसरं मागवलं. दुसरं पहिल्यापेक्षा छान लागलं. तिसऱ्याच्या वेळी मुलीने विचारलं, “काका, सोबत काही खाणार का?” दादा म्हणाले, “सरबताने पोट भरतंय माझं.” एव्हाना कंबर दुखायची थांबली होती. तो भागही एकंदर बरा वाटू लागला होता. उशीवाल्या बाईंना त्यांनी, बाईंनी विचारलेलं नसताना, दोन शेतांमधला बांध सरकला की तो कसा पकडायचा हे सविस्तर सांगितलं. आपल्याला एवढं बोलायला कसं सुचतंय याचं त्यांना कौतुक वाटत होतं. दारूचा वास त्यांना आयुष्यभर दुसऱ्यांच्याच तोंडाला आलेला. त्यामुळे मनात शंकासुद्धा आली नाही.

उन्हं उतरली तसे ते स्टुलावरून उतरले. जमीन होती त्यापेक्षा थोडी खाली गेलेली वाटली. क्लबचा पत्ता उशीवाल्या बाईंनी सांगितला. खरं तर त्यांनी दारातून बाहेर येऊन दादांना त्या दिशेला वळवून दिलं.

क्लब एका जुन्या गोदामात होता. दारासमोर पोरापोरींची रांग, दारात एक भलामोठा पहिलवान, आणि त्याच्या शेजारी उंच स्टुलावर, नाकावर चष्मा लावून बेबी. अंगात काळं जाकीट. गुपचूप पाहणी करायची हे दादा पार विसरले. रांग सोडून ते सरळ पुढे गेले.

“बेबी,” ते म्हणाले, “सामान बांध.”

बेबीने चष्म्यावरून पाहिलं. शर्ट पाहिला, बूट पाहिले, मिशीला चिकटलेलं पुदिन्याचं पान पाहिलं.

“दादा? तू कधी आलास? आणि हे काय घातलंयस?”

“विषय बदलू नकोस. मला मुद्दे मांडायचे आहेत.” दादांनी एक बोट वर केलं. “पहिला मुद्दा. आपल्या घराण्याची अब्रू. आपल्या घराण्यात आजवर कुणी दारूच्या...” इथे त्यांना उचकी लागली. “दारूच्या आसपाससुद्धा फिरकलेलं नाही.”

रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. बेबी स्टुलावरून उतरली आणि जवळ आली.

“दादा, किती प्यायलास?”

“तीन. सरबत.”

“कुठलं सरबत?”

“बागेतली दुपार.”

रांगेत हसू फुटलं. पहिलवानाने तोंड वळवलं. बेबीने मात्र चेहरा जराही हलू दिला नाही. तीस वर्षं शाळेच्या फाटकात उभं राहून कमावलेला चेहरा होता तो.

“तुला आत सोडता येणार नाही.”

“मला कुठे आत जायचंय? मी तुला बाहेर काढायला आलोय.”

“मग दारातून बाजूला हो. लोक खोळंबलेत.”

“मी तुझा सख्खा मोठा भाऊ आहे.”

“इथे रोज कुणी ना कुणी कुणाचा तरी भाऊ असतो. प्यायलेल्या माणसाला सोडायचं नाही हा नियम आहे, आणि तो मीच केलाय.” मग ती पहिलवानाला म्हणाली, “यांना आपल्या खोलीत बसव. पाणी दे, आणि पाव आहे तो दे. पान काढ रे त्यांच्या मिशीवरचं.”

पहिलवानाने दादांना बखोटीला धरलं नाही, हात धरून नेलं. दादा सांगतात, बखोटीला धरलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

दारालगत कोट आणि पिशव्या ठेवायची छोटी खोली होती. तिच्या खिडकीतून दार दिसायचं. दादा पाव चावत बसले आणि पाहत राहिले, करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. एका पोराने कुणाचं तरी ओळखपत्र पुढे केलं. बेबीने ते न बघताच त्याला विचारलं, “उद्या परीक्षा आहे ना रे? मग?” पोरगा मुकाट्याने निघून गेला. रडत बाहेर आलेल्या एका मुलीला बेबीने स्टुलावर बसवलं, नाक शिंकरायला लावलं आणि तिच्या बहिणीला फोन लावून दिला. सगळे तिला ‘बाई’ म्हणत होते आणि सगळे तिचं ऐकत होते.

गर्दी ओसरली तशी ती आत येऊन दादांच्या समोर बसली.

“डोकं कसंय?”

“आहे जागेवर.” दादांनी मान खाली घातली. “दुसरा मुद्दा मी विसरलो.”

“माझं वय असेल.”

“हो.” दादांनी हातातला पाव खाली ठेवला. “तू घरातून का गेलीस बेबी? आम्ही काय कमी केलं?”

“कमी नाही, जास्त केलंत. मला भाजी चिरू देत नव्हतात. जिना चढताना कुणीतरी मागे उभं. मी खोकले तरी तुम्ही सगळे एकमेकांकडे बघायचात. दोन हजार मुली सांभाळल्या मी, दादा. तुमच्याकडे नुसती स्वतःला सांभाळून घेत बसले होते.”

यावर दादांना काहीतरी भारदस्त बोलायचं होतं. पण तिसऱ्या सरबताचा अंमल अजून पुरता उतरला नव्हता. तोंडातून निघालं ते वेगळंच.

“माझ्या गोष्टी कुणी ऐकत नाही ग,” ते म्हणाले. “तुझी वहिनी सुरुवातीलाच उठून जाते. तू ऐकायचीस. चुकीच्या ठिकाणी हसायचीस, पण हसायचीस. घराण्याच्या अब्रूचं मला काय पडलंय? संध्याकाळी करमत नाही मला.”

हे बोलून ते स्वतःच चपापले. आपण एवढा प्रवास करून, कंबर मोडून घेऊन इथे कशासाठी आलो, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. बेबीने उरलेल्या पावाचा तुकडा मोडून अर्धा स्वतः खाल्ला.

“फोन करत जा,” ती म्हणाली. “दुपारी मी मोकळी असते. पण बांधाची ती गोष्ट सोडून काहीतरी सांग. ती मला पाठ आहे.”

तासाभराने तिने त्यांना उभं केलं, फरशीच्या रेघेवरून सरळ चालायला लावलं आणि पास केलं. “आता जा आत, बघून ये एकदा. घरी सांगायला काहीतरी हवं.”

दादा आत गेले. आत अंधार, रंगीत दिवे, आणि छातीत धडका मारणारा ठेका. कुणीतरी काहीतरी सांडलेलं असावं. एका जागी त्यांचा नवा बूट फरशीला चिकटला. तो सोडवायला दादांनी पाय उचलला, आपटला, फिरवला, पुन्हा उचलला. पाहता पाहता आजूबाजूच्या पोरांनी गोल केला आणि त्यांच्यासारखाच पाय उचलायला, आपटायला, फिरवायला सुरुवात केली. बूट सुटला तरी दादा थांबले नाहीत. ते म्हणतात, थांबलो असतो तर बूट चिकटला होता हे सगळ्यांना कळलं असतं.

रात्री ते बेबीच्या खोलीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपले. सकाळी तिने त्यांना गाडीत बसवून दिलं.

घरी मुलगा, सून आणि वहिनी वाटच बघत होते. दादांनी सगळं सांगितलं; लपवायचं म्हटलं असतं तरी लंगडणं लपलं नसतं. या खेपेला वहिनी सुरुवातीला उठून गेल्या नाहीत. गोष्ट सरबतापाशी आली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि बुटापाशी आली तेव्हा त्यांना पाणी द्यावं लागलं.

“म्हणजे बेबी येत नाही,” डोळे पुसून त्या म्हणाल्या.

“नाही. बरी आहे ती तिथे.”

वहिनींनी पदर खोचला. मग म्हणाल्या, “तिची खोली केवढी आहे हो? दोघी मावतील?”

दादांनी डोळ्यांसमोर खोली आणली, भिंती मनातल्या मनात मोजल्या. “मावतील,” ते म्हणाले. “पण तुला कशाला?”

वहिनी तोवर माळ्यावरची बॅग काढायला मुलाला हाक मारत होत्या.