विचारलंत कुठे?

आठवड्यात तिसऱ्यांदा दुपारी दोनलाच टाकी कोरडी पडली, तेव्हा मॅनेजरने ताईंना बोलावून घेतलं. कारखान्याचं कॅन्टीन ताई अकरा वर्षं सांभाळत होत्या.

"भांड्यांना एवढं पाणी? मावशींना समजावा जरा."

ताई 'बरं' म्हणाल्या. वाद घालायचं त्राण नव्हतं.

मावशी एकट्या भांडी घासायच्या. रोजची साडेतीनशे ताटं, वर पातेली. ताईंनी त्यांना गोडीत सांगून पाहिलं, नळावर कागद चिकटवला, एकदा चारचौघांत आवाजही चढवला. मावशी दरवेळी "हो ताई" म्हणायच्या, आणि ताईंची पाठ वळली की नळ पुन्हा धो धो.

"पालथ्या घड्यावर पाणी," ताई घरी नवऱ्याला म्हणाल्या.

"म्हणजे तेही वायाच," तो म्हणाला. ताईंना हसूही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात मावशी लेकीच्या बाळंतपणाला तीन दिवस रजेवर गेल्या. बदली माणूस मिळेना, म्हणून ताईच भांड्यांना उभ्या राहिल्या.

पहिली वीस ताटं त्यांनी नियमाने धुतली. नळ उघडायचा, ताट विसळायचं, नळ बंद करायचा. पण नळ होता पार मागच्या भिंतीला. त्याची गोल चावी साबणाच्या हातातून सटकायची. दर ताटाला ओणवं होऊन ती पिळावी लागे. पन्नासाव्या ताटाला खांदा भरून आला, मनगटात कळ गेली. उष्टं असं वाळून बसलेलं की धारेखाली धरल्याशिवाय सुटत नव्हतं. आणि खिडकीतून ताटं येतच होती.

"ताई, नळ!"

दारात मॅनेजर उभा होता. नळ कधीपासून वाहत होता, ताईंना सांगता आलं नसतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

मावशी परत आल्या त्या दिवशी ताईंनी बाळाची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, "चावी एवढी जड आहे, बोलला का नाहीत कधी?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" मावशी म्हणाल्या. "तुम्ही सांगत होतात."

आवाजात राग नव्हता. त्यामुळेच ते ताईंना जास्त लागलं.

"बरं, आता विचारते. काय केलं तर पाणी कमी लागेल?"

मावशींना विचार करावा लागला नाही. "जेवणाऱ्यांनी उष्टं डब्यात खरवडून ताट द्यावं. लगेच टबात भिजत टाकलं की घासणीच्या एका हातात निघतं. आणि ती चावी बदला."

प्लंबरने आठ दिवस लावले, पण कोपराने ढकलता येईल असा दांड्याचा नळ बसवला. जेवणाऱ्यांचं मात्र अवघड होतं. ताई रोज जेवणाच्या सुट्टीभर डब्यापाशी उभ्या राहून तेच तेच सांगायच्या. घसा बसला.

"आम्ही काय भांडी घासायला येतो का इथे?" एक वेल्डर फिस्कारला.

ताईंनी त्याला सरळ आत नेलं. "हे घ्या. पाच ताटं धुवून दाखवा."

त्याने तीन धुतली. दुसऱ्या दिवशी त्याने ताट खरवडलं, आणि मागच्याने खरवडेपर्यंत तिथून हललाही नाही.

टाकी कारखाना सुटेपर्यंत पुरू लागली. रोज नाही. नवी माणसं कामाला लागायची, की पुन्हा श्रीगणेशा. जुनीही विसरायची. ताईंचे पाय संध्याकाळपर्यंत ठणकायचे.

एका दुपारी मावशींनी हात पुसत स्टूल बाहेर आणलं आणि डब्यापाशी ठेवलं.

"बसा ताई. आज मी बघते यांच्याकडे."

ताई बसल्या.