वेळेआधी उगवलेले बिल्ले

माझ्या नणंदेला सगळे बारकी म्हणतात. जन्मली तेव्हा खरंच बारकी होती म्हणे. आता पन्नाशीला टेकली आहे आणि गॅरेजच्या छोट्या दारातून आम्ही दोघी एकदम जाऊ शकत नाही. त्यात निम्मा वाटा माझा, हे आधीच सांगून टाकते. बारकीने आयुष्यात मेणबत्त्या केल्या, साबण केले, एक लग्न केलं. त्यातल्या त्यात मेणबत्त्या जास्त टिकल्या. मग एक दिवस ती एक सुटकेस आणि जाळी ठोकलेल्या लाकडी चौकटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"वहिनी, मी बियांचा कागद करणार आहे."

"कशाचा?"

"बियांचा. वापरून झाला की मातीत पुरायचा. रोप येतं."

"आणि नाही पुरला तर?"

"तर कागद."

यात फसण्यासारखं काही दिसेना, म्हणून मी हो म्हटलं. घर ह्यांचं आहे, पण हो मी म्हणते.

हे म्हणजे माझा नवरा, बारकीचा दादा. फ्रिज दुरुस्त करण्यात ह्यांचा जन्म गेला. त्यांनी बहिणीला गॅरेज दिलं आणि स्वतःची गाडी बाहेर उन्हात लावली. हा त्याग केवढा, ते कळायला ह्यांना गाडी पुसताना पाहायला हवं. एवढ्या मायेने ह्यांनी आमच्या मुलांची नाकंसुद्धा पुसली नाहीत. रोज सकाळी फडकं फिरवता फिरवता गॅरेजकडे असं बघत, जणू आत सख्खी बहीण नाही, न हलणारं कूळ बसलंय.

आत काय चाललेलं असे? रद्दी फाडायची, रात्रभर भिजत घालायची, सकाळी मिक्सरमधून काढायची. मिक्सर अर्थातच माझा. लगदा झाला की त्यात बी घालायचं, पण हाताने आणि शेवटी. मिक्सरमध्ये घातलं तर बियांचं पीठ आणि कागदाचं थालीपीठ. मग टबातल्या पाण्यात लगदा सोडून चौकट बुडवायची, अलगद वर उचलायची, पाणी निथळलं की जुन्या चादरीवर उलटी मारायची. स्पंजाने टिपायचं. आणि पंख्याखाली वाळवायचं. इथे खरी मेख आहे. फार सावकाश वाळला तर कागद तिथेच उगवायला लागतो, आणि घाईने तापवला तर बी मरतं. मला हे ऐकून आमच्या घरातल्या पुरुषांची आठवण झाली, पण मी गप्प बसले.

बारकी बी म्हणून हळीव आणि थोडी मोहरी घालायची. बारीक, चपटं किंवा गोल, लवकर रुजणारं. पहिले तीन-चार महिने आमच्या खिडकीत फक्त बुरशी उगवली. मग एका सकाळी हिरवं काहीतरी दिसलं आणि बारकी रडली. हे म्हणाले, "कचऱ्यातून कचरा काढलास, आता त्याला पाणी पण घाल."

मग आमच्या आयुष्यात शाश्वत आला. त्याचं खरं नाव त्याच्या कार्डावर होतं, गुळगुळीत चकचकीत कार्डावर. पण तो श्वास घेतल्यासारखा 'शाश्वत' म्हणायचा: शाश्वत सोहळे, शाश्वत खुर्च्या, शाश्वत नाश्ता. त्यामुळे आम्ही त्याला तेच म्हणायला लागलो. त्याचा धंदा मोठमोठे सोहळे भरवून द्यायचा. आता एक तीन दिवसांची हरित परिषद होती. जगभरातून माणसं विमानाने येणार होती, धूर कमी कसा करायचा ते ठरवायला.

"मॅडम, सगळं जैवविघटनशील हवं," तो म्हणाला. हा शब्द त्याने एका दमात म्हटला, मी मनातल्या मनात टाळी वाजवली. "प्रत्येक पाहुण्याच्या गळ्यात तुमच्या कागदाचा बिल्ला. समारोपाला सगळे आपापला बिल्ला मातीत लावणार. फोटो काय येईल!"

"उगवायला दोन-तीन दिवस लागतात हां," बारकी म्हणाली.

"ते नंतर उगवू दे. घाई नाही."

सातशे बिल्ले. बारकीने कागद केला, मी नावं लिहिली, कारण घरात बरं अक्षर माझं एकटीचं. शाई पाण्यात विरघळणारी, मातीला त्रास नको म्हणून. पंखा अहोरात्र चालू. ह्यांनी एकदा आत डोकावून सगळं पाहिलं आणि चहा पिता पिता निकाल दिला.

"बारके, सरळ सांगतो. हे काम पार पडलं आणि पुढचं मिळालं तर गॅरेज तुझं, मी तोंड उघडणार नाही. नाहीतर पुढच्या महिन्यात गाडी आत."

"आणि मी?"

"तू वरच्या खोलीत रहा की. तुला कोण बाहेर उन्हात लावतंय?"

ती हसली, पण त्या दिवशी तिने चौकट दोनदा हातातून पाडली. वरच्या खोलीत टब राहत नाही, पंखा राहत नाही. वरच्या खोलीत फक्त एक घटस्फोटित नणंद राहते.

बिल्ले परिषदेच्या पाच दिवस आधी पोचवले. खोक्यांवर बारकीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कोरड्या जागी ठेवा.

परिषदेच्या आदल्या दिवशी शाश्वतचा फोन आला. तो बोलत नव्हता, किंचाळत होता. आम्ही दोघी रिक्षा करून गेलो.

सभागृहाच्या दारात हिरवी भिंत उभी केली होती. खरी झाडं, मजल्याएवढी उंच, आणि त्यांच्यावर दर थोड्या वेळाने आपोआप पाण्याचं धुकं सोडणाऱ्या नळ्या. खाली प्लास्टिकचं गवत. आणि त्या गवतावर, भिंतीच्या पायाशी, झाकणं उघडून सुंदर मांडून ठेवलेली आमची खोकी.

"इथे का ठेवलीत?" बारकीने विचारलं.

"नकाशात हिरव्या वस्तू हिरव्या विभागात होत्या," शाश्वत म्हणाला. "सगळं संकल्पनेनुसार आहे."

चार दिवस संकल्पनेनुसार धुकं खाऊन बिल्ल्यांनी जे करायचं ते केलं होतं. पांढरी मुळं एकमेकांत गुंतली होती. वर इवली इवली हिरवी पानं, दाटीवाटीने, शाळा सुटल्यासारखी. माझ्या अक्षरातली नावं निळ्या ओघळांत वाहून गेली होती. मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण मी इतकं सुंदर काही बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"हे उगवलंय!" शाश्वत ओरडला.

"हो," बारकी म्हणाली. "उगवणाराच कागद आहे, साहेब."

"पण आज नाही ना! समारोपानंतर उगवायचं होतं! आपलं काय ठरलं होतं?"

"तुमचं-आमचं ठरलं होतं. बियांना कुणी बोलावलं नव्हतं बैठकीला," मी म्हणाले. बारकीने मला कोपर मारलं.

खोक्यावरचं 'कोरड्या जागी ठेवा' तिने दाखवलं. तो म्हणाला, ते वाक्य फार नकारात्मक वाटत होतं, म्हणून त्यांनी त्यावर पानांचं चित्र चिकटवलं. संध्याकाळपर्यंत त्याने प्लास्टिकचे सातशे बिल्ले छापून आणले. त्यावर कोपऱ्यात हिरवं पान होतं. खोकी आम्हाला परत.

घरी आलो. ह्यांनी खोकी पाहिली, बहिणीचं तोंड पाहिलं, आणि काही बोलले नाहीत. ह्यांचं न बोलणं बोलण्याहून लांबतं. बारकी मात्र कामाला लागली. उगवलेला कागद तसाच ठेवला तर दोन दिवसांत मरतो. त्याला माती हवी. बेकिंगचे ट्रे, जुने ड्रॉवर, ह्यांच्या दुकानातले फ्रिजचे भाजीचे कप्पे, जे मिळालं त्यात माती घालून ती एकेक बिल्ला लावत सुटली. मला वाटलं, हिने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शेवटाला न्यायचं ठरवलं, तेही काम हातातून गेल्यावर.

समारोपाच्या सकाळी पुन्हा फोन. आता आवाज लोण्यासारखा.

"मॅडम, ते... तुमचं ते टाकून नाही ना दिलंत? अध्यक्षबाईंना स्टेजवर बिल्ला लावायचाय. प्लास्टिक कसं लावणार?"

"प्लास्टिक लावा की," मी मागून म्हणाले. "शाश्वत राहील."

बारकीने फोन हाताने झाकला. "वहिनी, गप्प बसा ना. पुढचं काम मिळेल." आणि फोनवर, "आणते, साहेब."

त्याला अध्यक्षबाईंच्याच नावाचा बिल्ला हवा होता. आम्ही ट्रेमध्ये बघितलं. सातशे निळे डाग. त्यात अध्यक्षबाई कोणत्या आणि माईक जोडणारा कोणता, हे त्या हळिवालाही सांगता आलं नसतं. बारकीने त्यातल्या त्यात तरतरीत एक तुकडा मातीसकट उचलला. स्टेजवर अध्यक्षबाईंनी तो मोठ्या कुंडीत ठेवला, टाळ्या झाल्या, आणि त्या म्हणाल्या की आपलं नाव असं हिरवं झालेलं पाहून त्यांचा कंठ दाटून आला. शाश्वत माईकवर म्हणाला, हे सगळं पहिल्यापासून असंच योजलेलं होतं.

नंतर तो आम्हाला खांबाआड भेटला. खूश होता. "मॅडम, पुढच्या हंगामाचे सगळे सोहळे तुम्हाला. भरपूर काम आहे."

बारकीने माझा हात घट्ट धरला. तिच्या नखात अजून माती होती.

"फक्त एक छोटासा बदल," तो म्हणाला. "कागद तोच. तो खडबडीतपणा, ते काळे-तपकिरी ठिपके, सगळं तेच. फक्त बी नको."

"म्हणजे?"

"रिस्क आहे ना. तुमचा कागद जरा जास्तच खरा आहे. बीच्या जागी चहापत्ती घाला. दिसतं सेम. नाहीतरी पाहुणे तो कुठे लावतात? कुंडीत ठेवतात, आपण नंतर उचलतो." त्याने डोळा मारला. "जैवविघटनशील तर आहेच."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बारकी म्हणाली, "करते."

रिक्षात ती खिडकीबाहेर बघत बसली. मी काही बोलले नाही. वरच्या खोलीत मी राहणार नव्हते, त्यामुळे बोलायचा हक्क थोडा कमी होता.

घरी हे दारातच उभे. "मिळालं काम?"

"मिळालं, दादा. सगळा हंगाम."

"मग? चेहरा का असा? जिंकलीस ना!" ह्यांनी खरंच तिच्या पाठीवर थाप मारली. "वर्षभर चालेल ना पंखा?"

मग बारकीने चहापत्तीचं सांगितलं. एका दमात, खाली बघून.

हे खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फ्रिजवाला माणूस आजार शोधताना असाच गप्प असतो.

"म्हणजे वरून बियांचा कागद, आत काही नाही?"

"आत चहापत्ती."

"डुप्लिकेट माल," हे म्हणाले. आमच्या घरात हा शब्द शिवीपेक्षा वाईट आहे. दुकानात कितीदा लोकांनी सांगितलं असेल, ओरिजिनल पार्ट महाग पडतो, तसाच दिसणारा टाका; ह्यांनी फ्रिज तसाच उघडा परत पाठवला, पण तसला पार्ट टाकला नाही. "आणि लोकांना सांगायचं, पुरा हे, झाड येईल?"

"सांगणार तेच सांगतील. मी फक्त कागद देणार."

"चोर पण हेच म्हणतो, मी फक्त शिडी देणार."

"दादा, तूच म्हणालास ना, पुढचं काम मिळालं तर! काम मिळालं. आता तुला त्यात बी पण हवं?" बारकीचा आवाज फाटला. "मला ती वरची खोली नको. मला रोज सकाळी उठून काहीतरी भिजत घालायला हवं, कळतं का तुला? चहापत्ती तर चहापत्ती!"

मी चहा टाकायला उठणार होते, पण त्या क्षणी चहापत्तीचा डबा काढणं बरं दिसलं नसतं.

हे उठले आणि गॅरेजात गेले. आम्हीही मागोमाग. ट्रे, ड्रॉवर, भाजीचे कप्पे, जिथे बघावं तिथे हिरवं. दाराकडच्या ट्रेमधली रोपं सगळी एका बाजूला मान काढून उभी होती, कारण दारासमोर गाडी होती आणि उजेड फक्त बाजूच्या फटीतून येत होता.

हे खाली वाकले. एका रोपाला बोट लावलं.

"हे खाता येतं?"

"हळीव आहे. येतं."

ह्यांनी एक पान तोडून चावलं. तोंड वाकडं केलं. "तिखट आहे."

"आहेच."

"नाही म्हण त्याला."

"आणि गॅरेज?"

"बीवाला कागद घेणारं दुसरं कुणी मिळेपर्यंत बघू," हे म्हणाले, आणि लगेच, आवाज चढवून, कारण मऊ बोलताना पकडलं गेलेलं ह्यांना चालत नाही, "कायमचं नाही देत आहे! आधीच सांगून ठेवतो!"

बारकीने तिथेच फोन लावला. तिची बाजू तेवढी ऐकू येत होती. "साहेब, बीशिवाय नाही जमणार... हो, तसं म्हणाले होते मघाशी... नाही, उगवणार नाही अशी खात्री कशी देऊ?... नाही, थोडंसं पण नाही... बरं... दुसरं कुणी करत असेल तर त्यांना द्या." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अध्यक्षबाईंच्या कुंडीला पाणी घाला पण. उचलू नका," आणि फोन ठेवला.

मग ती टबाच्या काठावर बसली. मी शेजारी बसले. काठ कुरकुरला.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बारकीने दचकून वर पाहिलं. हे गाडी मागे घेत होते, हळूहळू, दारापासून लांब, थेट पलीकडच्या भिंतीपाशी, जिथे दिवसभर ऊन असतं. गॅरेजात एकदम उजेड आला.