पंचाहत्तर झेपणारा मॉनिटर

मित्रांनो, पुढे चौदा इंची काच आणि मागे भलेमोठे कुबड, असा मी एक जुना मॉनिटर आहे. कुठल्याशा परदेशी कारखान्यात जन्मलो आणि १९९८ साली ट्रकमधून धुळ्यावरून जळगावला, रुपचंदभाऊंच्या कॉम्प्युटर क्लासात आलो. दसऱ्याला माझ्या कपाळी कुंकू लागले. त्यापलीकडे माझे लाड झाले नाहीत.

मुले सकाळी टायपिंग शिकत आणि संध्याकाळी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत. काचेवरचे चित्र मी सेकंदाला साठ वेळा नव्याने काढायचो. पण साठवर चित्र लुकलुकते आणि खेळणाऱ्याचे डोके ठणकते. हे ओळखले फक्त पहूरच्या बन्सीलालने. तो क्लासात महिनाभर उमेदवारी करत होता. त्याने आकडा पंचाहत्तरवर नेला आणि चित्र शांत झाले. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

महिना संपला. त्या दिवशी भाऊ त्याला मास्तर म्हणून कायम करणार होते. पोराला खुर्चीवर बसलेले पाहायला त्याची आई झुंबरबाई आली होती आणि चपला काढून दाराशी उभी होती. भाऊंना मात्र चार लोकांत दुसऱ्याचा पाणउतारा करायची भारी हौस.

"पंचाहत्तरच काहून? शंभर कर."

"भाऊ, याले शंभर झेपत नाही."

"माह्या मळ्यात तीन हॉर्सपॉवरची मोटार हाये अन् पाचची हाये. कोनती जास्त पानी फेकते? मले शिकवतो का?"

बन्सीलालने आईकडे पाहिले आणि शंभर केले.

माझ्या पोटात शीळ वाजली आणि काच काळी पडली. "भाऊ, पंधरा सेकंद थांबा, जुना आकडा आपोआप येतो," बन्सीलाल ओरडला. पण भाऊंनी धडाधड कळा बडवल्या. त्यात 'हो, हेच ठेवा' म्हणणारी कळ दबली आणि माझी परतीची वाट बंद झाली. वर माझ्या डोक्यावर थापड बसली, बंद पडलेल्या टीव्हीला मारतात तशी.

"जाळला! बाई, घेऊन जाय तुह्या साहेबाले. केळीचे घड उचलाले लाव!"

मुले खो खो हसली. झुंबरबाई भाऊंच्या पाया पडली. "माह्यं पोरगं चुकलं भाऊ, माफी करा." भाऊंनी पाय मागे घेतला. बन्सीलाल माझ्या काळ्या काचेकडे पाहत उभा होता. मला एक ठिपकाही उजळता येईना. तसा नामुष्कीचा दिवस मी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्याचा मेकॅनिक झिपरू आला. त्याने आकडा खाली आणला आणि मी झळाळून उठलो. "भाऊ, हाऊ बेस शे. त्या पोऱ्याले बलाई ल्या," तो अहिराणीत म्हणाला. म्हणजे मी धड आहे, त्या पोराला बोलावून घ्या.

भाऊ बशीत चहा ओतत हसले. "कशाले? माहीच चूक होती असं सांगत फिरू का?"

त्यानंतर मी बरीच वर्षे गाड्या पळवल्या. बन्सीलालने मॉनिटर जाळला, हीच गोष्ट गावभर राहिली. दुसऱ्या कुठल्याच क्लासाने त्याला दारात उभे केले नाही. तो स्वतःही तेच खरे मानून घड उचलतो, असे मुलांच्या बोलण्यात आले.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाही तरी चालेल, खुशाल भंगारात घाला. पण कुणी पहूरकडे जाणार असाल, तर बन्सीलालला गाठून एवढे सांगा, की तुझ्या हातून काहीही जळले नव्हते.