मडक्यावरचा नेम

मित्रांनो, खुंटीवर लोंबणारी ही अंबाडीची जुनी गोफण दिसते ना, ती मी. शनिवारवाड्यावर नौबत झडत असे, त्या काळातली. पुण्याच्या पश्चिमेला हिंजवडी नावाच्या खेड्यात गेनबाने मला वळलं आणि त्याच्या बायकोने, सोजरबाईने, हाती धरलं. तिचा नेम असा, की सारा गाव तोंडात बोटं घाली. कौतुक कुणाला नको असतं हो? मीही फुगून गेले होते.

त्या साली पावसाने दगा दिला. वरची शेतं करपली. तळ्याचं पाणी हटलं, तसं उघड्या पडलेल्या ओल्या गाळात गेनबाने घरातलं शेवटचं बी टाकलं. गहू तरारला आणि त्यावर कादंब उतरले. थंडीत उत्तरेकडून येणारे हे रानहंस भारी खादाड. एका सकाळी वाफेच्या वाफे फस्त! तो गहू गेला असता, तर उन्हाळ्यात चूल पेटली नसती. त्यात सोजरबाई पोटुशी.

बरं, दगड घालून मारावं, तर तीही सोय नाही. हंस म्हणजे सरस्वतीचं वाहन. त्याचं रक्त सांडलं की वंश बुडतो, अशी गावाची समजूत. म्हणून तळ्यात रिकामी मडकी पालथी सोडायची आणि मचाणावरून गोफणीने मडकंच फोडायचं, अशी रीत. फटकन आवाज झाला की थवा उडे. पण मेले सोकावले होते. उडायचे आणि पुन्हा उतरायचे.

एका संध्याकाळी गेनबा मचाणाखाली शेजाऱ्याशी बोलत होता.

"बजरंगा, उद्या पहाटं मडकं डोक्यावर घालून पाण्यात शिरतो. एखादा कादंब जिताच धरतो पायाला. काठाला बांधला, की त्याचा कालवा ऐकून बाकीचे फिरकायचे न्हाईत."

"वैनीला सांगितलंस?"

"छ्या! ती उतरू देईल व्हय? धरला की मगच सांगू."

मी तिथेच खांबाला टांगलेली होते. शब्द न् शब्द ऐकला. पण मित्रांनो, गोफणीला कान असून काय उपयोग? जीभ कुठे आहे?

पहाटे सोजरबाई जागी झाली, तेव्हा नवरा अंथरुणात नव्हता. गेला असेल परसाकडे, असं म्हणून ती मचाणावर आली. तळ्यावर धुकं होतं. थव्याला लागूनच एक मडकं दिसलं.

"आयतंच गावलं की!" ती म्हणाली.

तिने दगड घातला, मला गरगर फिरवलं. तुटावं, निदान एक पेड तरी सुटावा, म्हणून मी जिवाच्या आकांताने धडपडले. गेनबाने घातलेला पीळ पक्का होता. दगड सुटला.

मडकं फुटलं. थवा उडाला. खापरांच्या मधोमध गेनबाचं मुंडासं वर आलं आणि भोवतालचं पाणी लाल झालं.

"अवं धनी!" म्हणत ती पाण्यात धावली. पलीकडच्या काठावर धुक्याआड थांबलेल्या बजरंगने धावत येऊन त्याला ओढून बाहेर काढलं, पण जीव गेला होता. सोजरबाईने असा हंबरडा फोडला, की गेलेले कादंब त्या हंगामात पुन्हा फिरकले नाहीत. गहू वाचला.

तेव्हापासून मी या खुंटीला आहे. मला कसर लागली आहे, लागू दे. माझी निगा राखा असं मी म्हणत नाही. मित्रांनो, उंबरा ओलांडताना कुठे चाललात ते घरच्या माणसाला सांगून जा. मगच सांगू, असं म्हणू नका.