अंगात आधीच ताप होता

शिन्यांगाच्या मिशन केंद्रावर आम्ही अकरा जण सहा महिने शिकलो. त्यात पाद्री कुणी नव्हतं, नन नव्हती. कापूसवाले, एक शिंपी, एक सायकल दुरुस्त करणारा, आणि पाठीशी तान्ह्या देओला बांधलेली मी. साक्ष कशी लिहून घ्यायची, पोलीस चौकीत कसं बोलायचं, सगळं झालं. शेवटचा धडा वहीत नव्हता. गाव जिला चेटकीण म्हणतं, तिला वाचवायला तिच्या अंगणात भरदिवसा, सगळ्यांसमोर, तिच्या हातचं जेवायचं.

"आणि लेकरू तिच्या मांडीवर द्यायचं," लुहेंदे मास्तर म्हणाले. "नुसत्या जेवणानं लोकांची खात्री पटत नाही."

"तुमची लेकरं मोठी झाली, म्हणून बोलताय मास्तर."

"नको तर जाऊ नकोस, देओची आई. पण गेलीस तर माघारी फिरायचं नाही. मागच्या साली एक जण कुंपणापासून फिरला. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या म्हातारीला पुरलं."

मला जिच्याकडे जायचं होतं त्या न्यांझोबे आजीचे डोळे लाल, एवढाच तिचा गुन्हा. लाकूड मिळत नाही. जन्मभर शेणाच्या धुरात फुंकर घालून आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचे डोळे लालच होतात. हे मला पाठ होतं. तरी वाटेत मी जी प्रार्थना पुटपुटत होते, ती तिच्यासाठी नव्हती.

आजीच्या कुंपणाशी सात-आठ बायका उभ्या होत्या. पुढे लिमी; तिची नात पेरणीच्या दिवसांत वारली, त्याचा आळ आजीवर होता. तिथंच देओचा गाल माझ्या मानेला टेकला आणि चटका बसला. सकाळी तर बरा होता.

मी थांबले. आत गेले आणि ताप चढला, तर उद्या कोयते घेऊन येतील. फिरले, तर आजच.

"काय गं, घरची आठवण आली वाटतं?" लिमी म्हणाली. बायका हसल्या.

मी गाठ सोडली आणि देओला तिच्यापुढे धरलं. "लिमीताई, कपाळाला हात लावून बघ."

"मी कशाला?"

"तू इतकी लेकरं वाढवलीस. मला कळेना झालंय."

ती थुंकेल असंच मला वाटलं. मग तिनं उलटा हात त्याच्या कपाळाला लावला, सवयीनं मानेखालीही.

"तापलाय की. दवाखान्यात ने."

"नेते, जेवून. पण आत जायच्या आधीच तापलाय, हे तू म्हणालीस. ह्या सगळ्यांनी ऐकलं."

देओला कडेवर घेऊन मी अंगणात शिरले.

आजीनं उगाली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वाढली. कुंपणाकडे तोंड करून मी पहिला घास खाल्ला. मी देओला पुढे केलं, तसे तिनं हात लुगड्याखाली लपवले.

"मला नको देऊस, पोरी. गरम आहे तो. मला मारतील."

"बाहेर सांगून आलेय, आजी."

"सांगितलेलं संध्याकाळपर्यंत टिकतं का?"

मी त्याला तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं हात काढले नाहीत. तो कडेला घसरायला लागला, आणि माझ्या आधी तिचे हात बाहेर आले. तिनं त्याला सावरलं.

कुंपणापलीकडे एका पुरुषाचा आवाज आला. "काय चाललंय इथं?"

बायकांनी लिमीकडे पाहिलं.

"पोराला ताप आहे," लिमी म्हणाली. थांबली. "घरूनच घेऊन आली."