खोडलेली रेघ

"पट्ट्या नीट शेजारी ठेवा रे! पुरावा तिरका नसतो, आपण असतो," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, तसा नववीचा वर्ग प्रयोगशाळेच्या टेबलांवर वाकला.

प्रत्येक टेबलावर कागदाच्या दोन पट्ट्या. एक आईची, दुसरी एका अनोळखी देहाची. डीएनएचा नियम सोपा: दर रकान्यात त्याच्या दोन रेघांपैकी एक आईच्या कुठल्यातरी रेघेसमोर यायला हवी. एकही रकाना चुकला, तर तो तिचा मुलगा नाही.

बाकीच्या टेबलांना पुस्तकातली प्रकरणं होती. खिडकीजवळच्या टेबलावर मात्र बाईंचं स्वतःचं होतं.

पाच महिन्यांपूर्वी नदीत होडी उलटली. सगळे सापडले, बाईंचा एकुलता एक मुलगा तेवढा सापडला नाही. नंतर दूर कुठंतरी एक देह मिळाला आणि बाईंनी तपासणीसाठी रक्त दिलं. जुळलं तर तो गेला, नाही जुळलं तर कुठंतरी आहे. काल अहवाल आला. जुळलं होतं.

आज पहाटे त्यांनी ते आकडे रेघांमध्ये उतरवले. शेवटच्या रकान्याशी हात अडला. पेन्सिलीने काढलेली रेघ त्यांनी रबराने खोडली आणि बोटभर खाली ओढली. पुराव्याला हात लावू नका, असं वीस वर्षं घसा कोरडा करून सांगणाऱ्या बाईंनी! एकदा, फक्त एकदाच, कुणाच्या तरी तोंडून 'नाही' ऐकायचं होतं त्यांना.

"बाई, नाही जुळत! हा तिचा मुलगा नाहीच!" खिडकीकडून आवाज आला.

खोटं आहे हे ठाऊक असूनही बाईंच्या जिवात जीव आला.

"थांबा गं," चष्मिष म्हणाली. सख्ख्या आजीकडेही वयाचा दाखला मागेल अशी ही मुलगी. "टॉर्च द्या."

खोडलेलं अक्षर तिरक्या उजेडात वाचायला बाईंनीच मागच्या आठवड्यात शिकवलं होतं. चष्मिषने टॉर्च कागदाला टेकवून आडवी धरली.

"हे बघा, कागद दबलाय. खरी रेघ इथं होती. म्हणजे जुळतंय!"

"आईला मुलगा सापडला!" टेबलाने टाळ्या पिटल्या. बाईंनी मागे हात नेऊन फळ्याची कड धरली.

"पण बाई, ही खाडाखोड केली कुणी?" चष्मिषने विचारलं.

"आईनं."

"काहीतरीच! आई कशाला करेल असं?" कुणीतरी हसलं. चष्मिष हसली नाही. ती बाईंकडे बघत राहिली, मग तिने हळूच टॉर्च बंद केली.

"बरोबर शोधलंस," बाई म्हणाल्या आणि तिच्या वहीत दहापैकी दहा लिहिले.

घंटा झाली. वर्ग रिकामा झाल्यावर बाईंनी मोजपट्टी लावली आणि ती रेघ मूळ जागी पुन्हा काढली, या वेळी शाईने. मग थोरल्या भावाला फोन लावला.

"दादा, गाडी घेऊन येतोस? त्याला घरी आणायचंय."