निर्गोत्र

सकाळी सव्वाअकराला कचरू विहिरीतून वर आला. वाकून, डोकं सांभाळत तो चिंचेकडे पळाला, बुंध्याआड बसला आणि तेवढ्यात खाली एकामागून एक सुरुंगाचे दोन बार उडाले. दगड पडायचे थांबेपर्यंत कोणी हललं नाही. मग मांडवातल्या बायांनी धरून ठेवलेली पोरं सोडली.

"झालं का, दादा?" मच्छिंद्रनं लांबूनच ओरडून विचारलं.

"झालं. दोघंबी बोलले," कचरू म्हणाला. "रातभर मुके होते बिचारे."

२००३ सालचा मे महिना होता. विहीर कुंभार पिंपळगावच्या शिवारातली, काकासाहेबांची. त्या दिवशी काकासाहेबांच्या नातवाचं जावळ होतं, दोन-अडीचशे माणूस जेवायला यायचं होतं आणि विहिरीत पाणी टिकत नव्हतं. म्हणून आदल्या दिवशी घाईघाईनं तळ फोडायला घेतला. चार बार भरले, दोन उडाले, दोन फसले. फसलेला बार कधी उडेल याचा भरवसा नसतो. बार भरणाऱ्या टोळीनं हात वर केले आणि सामान उचलून ती निघून गेली. मांडव विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, आणि जावळाला आलेली पोरं सकाळपासून काठावर वाकून बघत होती.

अशा वेळी या भावकीत कचरूलाच बोलवत. कचरू काकासाहेबांचा सख्खा पुतण्या, मच्छिंद्रचा थोरला भाऊ. नऊ वर्षांपूर्वी तो दगडफोड्यांच्या टोळीबरोबर सुरुंगाचं काम शिकायला गेला आणि टोळीच्या म्होरक्याच्या मुलीशी, सगुणाबाईशी, लग्न करून बसला. वडाराची पोरगी केली म्हणून भावकीनं त्याला वाळीत टाकलं. लग्नाचं बोलावणं नाही, मयताचा निरोप नाही. बाप वारला ते त्याला तिसऱ्या दिवशी परतूरच्या बाजारात कळलं. पण विहिरीत बार फसला की त्याच्याकडे माणूस धावे. तो येई, काम करी, शेतातल्या दांडाच्या पाण्यात हात धुई आणि जाई. चहाला थांब असं कोणी म्हणत नसे आणि तोही थांबत नसे.

या खेपेला मात्र तो थांबणार होता. पंगतीत बसणार होता. तसा शब्द मच्छिंद्रनं काकासाहेबांकडून घेतला होता. बारा गावच्या पाहुण्यांपुढे काकाकडे असला शब्द मागायचं धाडस मच्छिंद्रला कुठून आलं, तर ते एका खेळातून.

मच्छिंद्रचं परतूरला झेरॉक्सचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी बालकिशन आडत्याचा मुलगा शिवनारायण तिथं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आला. पुण्याच्या मावसभावाकडून आठ दिवसांच्या बोलीवर आणलेलं. अंतराळातल्या लढाईचा खेळ होता तो. टेबलावर मांडायच्या सैनिकांच्या बाहुल्या, फासे, मोजपट्टी, आणि कुठली फौज कुठून आली, कोणाचं कोणाशी कशावरून वैर, याच्या लांबलचक कहाण्या. पानं काचेवर पालथी घालता घालता मच्छिंद्र वाचत गेला. गिऱ्हाईक खोळंबलं तरी वाचत राहिला.

"शिवा, ह्या बाहुल्या कुठं भेटतेत?"

"परदेशात. तू आन् मी जलमभर झेरॉक्स काढले तरी भेटायच्या न्हाईत."

मग दोघांनी आपलाच खेळ केला. पोळ्याचे मातीचे बैल करणाऱ्या पिंपळगावच्या कुंभाराकडून सैनिक भाजून घेतले. त्यातल्या सात-आठ जणांना शिंगं आली, कारण कुंभाराचा हात सवयीनं तिकडेच वळला. शिवनारायण म्हणाला, राहू दे, ही एक वेगळी जमात झाली. कापसाचा हंगाम संपला की बालकिशनचं गोदाम रिकामं पडे. तिथं रविवारी दुपारी पाच-सहा जण जमत. शिवनारायण नियम बसवी, मच्छिंद्र कहाण्या रची.

त्याची कहाणी अशी होती. सूर्य विझल्यावर माणसांचा एक तांडा जहाजांतून निघाला आहे. तांड्यात मूल जन्मलं की त्याच्या कपाळात गोत्राची खूण बसवतात. त्या खुणेवर दारं उघडतात, तिच्यावरच अन्न मिळतं. तांड्याच्या मागे यंत्रांची फौज लागली आहे. तिला डोळे नाहीत, ती त्या खुणेवरच नेम धरते. तेव्हा तिच्या किल्ल्यात शिरू शकतो तो फक्त असा योद्धा, ज्याची खूण खरवडून तांड्यानं त्याला बाहेर काढलं आहे. तो आपलं लहानसं जहाज घेऊन तांड्याच्या मागं मागं फिरतो. गरज पडली की दिवा दाखवून त्याला बोलावतात. तो किल्ल्यात शिरतो, आतलं यंत्र बंद पाडतो आणि परत येतो तेव्हा दार उघडत नाही, कारण दार खुणेवरच उघडतं. मच्छिंद्रनं त्याचं नाव निर्गोत्र ठेवलं.

खेळायला बसताना प्रत्येकानं आपल्याच फौजेतला एक सैनिक निवडायचा, ओल्या फडक्यानं त्याच्या कपाळाचा रंग पुसायचा आणि त्याला पटाच्या कडेबाहेर उभा करायचा, असा नियम होता. सुरुवातीला पोरं सगळ्यांत कच्चा सैनिक पुसायची. डाव निर्गोत्रावरच फिरतो हे कळल्यावर सगळ्यांत पक्का पुसू लागली.

पहिल्या पावसाळ्यात मच्छिंद्रनं एक नियम वाढवून मागितला. तीन लढाया जिंकून दिल्या की निर्गोत्राला परत आत घ्यायची मुभा असावी.

"आत घेतला की रंग लागला. रंग लागला की शत्रूला दिसला," शिवनारायण म्हणाला. "मंग तो कोणत्या कामाचा?"

"कामाचा नसंल. आत तर असंल."

"अरे यार, तू खेळ करून राह्यला का सोयरीक जमवून राह्यला?" पण शिवनारायणनं नियम घातला. मित्राचं मन मोडायचं त्याच्या जिवावर आलं.

पावसाळा गेला, पुढचा उन्हाळा आला. तो नियम कोणी एकदाही वापरला नाही. तीन सोडा, पाच-पाच लढाया जिंकलेला निर्गोत्र कडेबाहेरच उभा राही, कारण बाहेरच तो उपयोगाचा होता. मच्छिंद्रच्या स्वतःच्या निर्गोत्रानं सहा जिंकल्या होत्या. दर वेळी मच्छिंद्र मनाशी म्हणे, एवढा डाव झाला की घेऊ आत.

एकदा कचरू दुकानावर आला होता. काउंटरच्या कोपऱ्यात मातीचा सैनिक दिसला तेव्हा त्यानं तो उचलला. मच्छिंद्रनं त्याला कहाणी सांगितली. कोणावरून सुचली ते सांगितलं नाही. कचरूनं सगळं ऐकून घेतलं.

"आन् ह्याची बायको?"

"बायको न्हाई त्याला. एकटाच असतो तो."

"मंग सोपं हाय त्याचं," कचरू हसला आणि सैनिक जागेवर ठेवून चहा सांगायला निघाला. त्या दिवशी मच्छिंद्रला कळलं की दादाला सगळं कळलंय.

तर जावळाच्या दिवशी सकाळी काकासाहेबांनी मच्छिंद्रला बोलावून घेतलं. "जा, गाडी काढ आन् कचरूला घिऊन ये."

मच्छिंद्र जागचा हलला नाही. "आणतो, काका. पण काम झाल्यावर दादा पंगतीत बसंल. आपल्या बराबर."

ओसरीवरची माणसं वळून बघायला लागली. काकासाहेबांनी विहिरीकडे पाहिलं, मग मांडवाकडे. पोरं परत काठाकडे निघाली होती.

"बसंल की," ते म्हणाले. "कोण न्हाई म्हनतंय? माझ्या शेजारी पाट मांड त्याचा."

मच्छिंद्रची आई द्वारकाबाई आत पुऱ्या लाटत होती. तिनं ते ऐकलं. पिठाच्या हातानंच उठून ती दारापर्यंत आली आणि परत गेली. नऊ वर्षांत तिनं थोरल्याला वाढलं नव्हतं.

कचरूच्या वस्तीवर सगुणाबाई दारातच होत्या. मच्छिंद्रचं सगळं सांगून होईस्तोवर त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं नाही.

"भावजी, कामाला बोलावलं का जेवायला?"

"दोन्हीला, वहिनी."

"मंग आधी जेवायला घाला म्हना. काम मंग."

"वहिनी, तिथं लेकरं हायेत. बार कधीबी..."

"ते कळतंय मला. माझा बाप त्याच्यातच गेला." त्या आत वळल्या. कचरू सदरा चढवत होता. नवा, इस्त्रीचा सदरा. कामाला जाताना तो जुना बनियन घाली. मच्छिंद्रनं ते पाहिलं आणि त्याला फार बरं वाटलं.

विहिरीत उतरताना कचरूनं तो सदरा काढून चिंचेच्या फांदीवर टाकला. भरलेल्या भोकांत पाणी सोडून वरची माती भिजवली, लाकडी काटकीनं नखभर नखभर ती उकरली, नवी बत्ती जोडली. या सगळ्याला दोन तास लागले. वर कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मग बत्ती पेटवून सव्वाअकराला तो वर आला.

साडेबाराला पंगत बसली. मच्छिंद्रनं स्वतः पाट मांडला, काकासाहेबांच्या डाव्या हाताला. कचरू हातपाय धुऊन, नवा सदरा घालून येऊन बसला. जावळ झालेलं मूल मांडीवर घेऊन बसलेल्या कुणा पाहुण्याला तो म्हणाला, "ह्याच्या डोक्यापेक्षा विहिरीचा तळ जास्त साफ केलाय मी." पाहुणा हसला, मग इकडेतिकडे बघून थांबला.

पुऱ्या वाढल्या, वरण-भात वाढला, बुंदी वाढली. कचरूच्या पत्रावळीवर बुंदी वाढायला द्वारकाबाई स्वतः आली. एकदा वाढली, परत वाढली. "बस की, माय," तो हळूच म्हणाला.

या भावकीत पंगतीतला थोरला माणूस पहिला घास घेईपर्यंत कोणी अन्नाला हात लावत नाही. काकासाहेब मांडी घालून बसले होते. दोन्ही हात मांडीवर होते. ते समोर बघत होते, रागानं नाही, आनंदानंही नाही. मच्छिंद्र वरणाची बादली घेऊन रांगेच्या टोकाशी उभा होता. त्याला वाटलं, कोणाची वाट बघत असतील. मग वाटलं, श्लोक म्हणायचा राहिला असेल. श्लोक झाला होता.

अडीचशे माणसं भरल्या पत्रावळीपुढं बसली होती. भातावर माशा आल्या. एक लेकरू रडून बुंदी मागायला लागलं, त्याच्या आईनं त्याचा हात धरला. मच्छिंद्रनं काकाकडून बसवायचा शब्द घेतला होता आणि काकांनी तो पाळला होता. जेवायचा शब्द त्यानं मागितला नव्हता.

कचरूनं एकदा उजवीकडे पाहिलं. मग पुढच्या पत्रावळीकडे. मग तो हसत हसत गुडघ्यावर हात टेकून उठला.

"तुमचं चालू द्या, काका. बारुदाच्या वासानं भूकच मेली माझी. डोकं धरलंय."

"सावलीला पड मंग घडीभर," काकासाहेब म्हणाले.

कचरू पत्रावळी ओलांडून मांडवाबाहेर गेला. मच्छिंद्रनं बादली खाली ठेवली. त्याला दादाच्या मागं जायचं होतं. काकासाहेबांनी वरणभात कालवला, घास घेतला आणि अख्खी पंगत एकदम जेवू लागली. "मच्छिंद्र, वरण आण रे इकडं," तातेराव, काकासाहेबांचा मुलगा, म्हणाला. मग दुसऱ्या कोणी हाक मारली. मच्छिंद्रनं बादली उचलली. तो पंगत उठेपर्यंत वाढत होता. सायकलवरून कचरू कधी गेला ते त्यानं पाहिलं नाही. सायकल त्याला कोणी दिली हेही नंतर कळलं: मांडवाचे बांबू बांधायला आलेल्या माणसानं.

चौथ्या दिवशी तो वस्तीवर गेला तेव्हा कचरूच्या घराला कुलूप नव्हतं. घर रिकामं होतं.

शेजारीण म्हणाली, "दोघं गेले. तिकडं कर्नाटकात कुठंतरी. म्हातारीला सांगू नका म्हनले." म्हातारी म्हणजे द्वारकाबाई. तिला मच्छिंद्रनं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. दर बाजाराला ती परतूरला येऊ लागली, दुकानाच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसून राही आणि येणारं-जाणारं माणूस बघे.

गोदामातला खेळ जूनमध्ये पुन्हा सुरू झाला. शिवनारायणच्या मावसभावानं पुण्यातल्या खेळणाऱ्यांना दाखवायला नियम मागवले होते. शिवनारायण म्हणाला, परतीचा नियम काढून टाकू का, तो कोणी वापरतच नाही. मच्छिंद्र म्हणाला, काढ. नंतर तो रविवारी गेला नाही.

२००४च्या मार्चमध्ये काकासाहेबांनी विहीर आणखी खोल करायला घेतली. तीन बार भरले, एक फसला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः दुकानावर आले. पायरीवर बसलेल्या द्वारकाबाईनं पदर सावरून त्यांना वाट दिली.

"कचरू कुठं असतो आजकाल?"

"मला म्हाईत न्हाई, काका."

"भाऊ हायेस ना त्याचा?"

मच्छिंद्रनं मशीनचं झाकण उघडलं आणि मिटलं. "तुमचा पुतण्या हाय, तुम्हाला म्हाईत हाय का?"

"जबान चालायला लागली तुझी," काकासाहेब म्हणाले. पण ते उठले नाहीत. बराच वेळ बाकावर बसून राहिले. "लेकरं खेळतेत तिथं," ते एकदा म्हणाले.

मच्छिंद्रनं सेलूला सगुणाबाईच्या भावाकडे चौकशी केली. त्यानं सांगितलं की दिवाळीपर्यंत दोघं गदगकडे एका खाणीवर होती. दिवाळीनंतर ती खाण बंद पडली. पुढं कुठं गेली ते त्याला ठाऊक नाही. जालन्याहून आणि बीडहून आणलेल्या दोन टोळ्या विहीर बघून परत गेल्या. काठाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आहे. बार आत आहे.